अर्ध्यावरची खुर्ची

घडीच्या त्या खुर्चीला एक खोड होती. उघडायची सहज, मिटायची मात्र नाही. दाबा, हलवा, शिव्या घाला, ती आपली चारही पाय रोवून उभी. मग मागच्या डाव्या पायाला आतल्या बाजूने एक लाथ घालायची, की मुकाट मिटायची. ही युक्ती जगात दोघींनाच ठाऊक होती. एक आई, कारण तिला रोज त्या खुर्चीत बसावं लागे. आणि दुसरी थोरली, कारण रोजची लाथ तिच्या वाट्याला होती.

त्या सकाळी थोरलीने लाथ जरा जास्तच जोरात घातली.

“खुर्चीने काय घोडं मारलंय तुझं?” आई व्हॅनच्या पुढच्या सीटवरून म्हणाली.

“काही नाही मारलं. म्हणून तर तिला लाथ घालता येते.”

थोरली सीटकव्हरं शिवायची. आधी बोटींच्या बाकांची, आणि बोटी बंद झाल्यापासून मोटारींची. जाड रेक्झिन मशीनच्या सुईखाली रेटून रेटून तिच्या उजव्या मनगटातली नस दबली होती. सकाळी ती उठली तरी बोटं उठायला तयार नसत. डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं, की ही नस हाताच्या एका अरुंद बोगद्यातून जाते आणि तो बोगदा आता आवळलाय. हल्ली ज्याला त्याला बोगदेच सुचतात, असं थोरलीच्या मनात आलं, पण ती बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. त्यानंतर महिना-दीड महिना त्या हाताने भरलेला पेलाही उचलायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

आणि आई काही पेला नव्हती. तिचं डोकं लखलखीत होतं, जीभ त्याहून लखलखीत, पण पाय काही वर्षांपासून रुसून बसले होते. कुणी काखेत हात घालून उचललं तर ती उभी राहायची, चार पावलं टाकायची. सकाळी अंथरुणातून, मग न्हाणीघरातून, मग जेवायला, मग परत अंथरुणात. दिवसभराचं ते ‘कुणी’ म्हणजे थोरली. आता महिना-दीड महिना दुसरं कुणी हवं होतं, आणि दुसरं कुणी एकच होतं: पलीकडच्या बेटावर, चांगल्या घरात, बायकोसोबत राहणारा धाकटा.

धाकट्याचं वर्षानुवर्षं एकच पालुपद. “ताई, मी आलोच असतो गं, पण मध्ये समुद्र आडवा येतो.” कधी वारा, कधी लाटा, कधी चुकलेली बोट, आणि फारच खोदून विचारलं तर ‘हिला नाही चालणार गं.’ मग समुद्राच्याच खालून रस्ता निघाला. तीन बेटं एकमेकांना जोडली गेली, आणि तिन्ही रस्ते जिथे मिळतात तिथे पाण्याखाली एक गोल चौक झाला. लोक मुलाबाळांना घेऊन तो चौक बघायला जाऊ लागले. थोरलीने मनाशी म्हटलं, बघू आता काय आडवं येतं. आडवी आली ड्युटी. कारण धाकट्याला नोकरीच मुळी बोगद्याच्या कंट्रोल रूममध्ये लागली. भिंतींवर जागोजागी लावलेले कॅमेरे जे दाखवतील ते पडद्यावर बघत बसायचं, असं ते काम.

आदल्या दिवशी फोनवर हेच झालं होतं.

“शिफ्ट बदलल्यात गं ताई, आता सकाळची लागलीय. या आठवड्यात जमेलसं दिसत नाही.”

“ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.”

“हो ना. बघतो काहीतरी.”

“काय बघणार आहेस?”

“बघतो म्हटलं ना.”

थोरलीने फोन ठेवला आणि हातात होतं ते कव्हर उसवून टाकलं. चांगलं शिवलेलं होतं. उसवता उसवता तिचं ठरलं. आईला व्हॅनमध्ये घालायचं, बोगद्यातून पलीकडे न्यायचं, धाकट्याच्या दारात खुर्ची मांडायची, तीत आईला बसवायचं आणि मागे न बघता परत यायचं. आईला यातलं काही सांगायचं नाही. तिला म्हणायचं, चल, तुला समुद्राखालचा चौक दाखवते.

“चौक बघायला एवढी मोठी बॅग?” आईने विचारलं. व्हॅन आता गल्लीतून बाहेर पडली होती.

“असू दे. वेळेला लागते.”

“माझ्या सगळ्या गोळ्या आहेत तीत. आणि हिवाळ्यातली शाल.”

“खाली गार असतं म्हणतात.”

“बरं,” आई म्हणाली.

त्या ‘बरं’चा सूर थोरलीच्या चांगला ओळखीचा होता. लहानपणी खोटं सांगून खेळायला गेलं, की परत आल्यावर दारात हेच ‘बरं’ वाट बघत उभं असायचं.

रस्ता जुन्या धक्क्यावरून जात होता. धक्क्यावर आता एकही बोट नव्हती, नुसते दोर बांधायचे खुंट. तिथल्या बोटींचा रिवाज मोठा विचित्र होता. या बेटाची बोट कधी त्या बेटाला लागली नाही, आणि त्या बेटाची या बेटाला नाही. कुठल्या तरी खापरपणजोबाच्या काळात दोन्हीकडच्या नावाड्यांचं भांडण झालेलं. कशावरून ते कुणाला आठवत नव्हतं, पण भांडण मात्र सगळ्यांनी नीट जपून ठेवलेलं. मग दोन्ही बोटी एकाच वेळी निघायच्या, समुद्रात अर्ध्यावर एकमेकींना टेकायच्या, मध्ये फळी टाकली जायची आणि माणसं, सामान, निरोप सगळं इकडचं तिकडे व्हायचं. आपण पोचवायचं ते अर्ध्यावर, पुढचं अर्धं समोरच्याचं. सायकली, शिलाई मशीनं, रुसून आलेल्या सुना, सगळं अर्ध्यावर.

ही सवय हाडात इतकी मुरली, की बोगदा झाल्यावरही सुटेना. चौकाच्या जरा अलीकडे, बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला, भिंतीत एक खिसा कापलेला होता. तिथे इकडची गाडी थांबायची, तिकडची थांबायची, आणि डबे, गाद्या, पोरं यांची अदलाबदल चालायची. एकाने म्हणे शेळीसुद्धा दिली. शेवटी कंट्रोल रूमवाल्यांनी वैतागून पाटी लावली: ‘येथे देवाणघेवाण करू नये.’ त्याने एवढंच झालं, की नेमकी जागा ज्यांना ठाऊक नव्हती त्यांनाही कळली.

धक्का मागे पडला तसा थोरलीच्या मानेत तो जुना राग चढला. बाबा गेल्यावर तिघांनी बसून ठरवलं होतं, की आईने सहा महिने इकडे राहायचं आणि सहा महिने तिकडे. इकडचे सरले. थोरलीने आईला बॅग भरून बोटीत बसवलं, धक्क्यावरून हात हलवला, घरी येऊन आईची खाट आवरली. संध्याकाळी त्याच बोटीने आई त्याच बॅगेसकट परत. “तो तिकडच्या बोटीवर नव्हताच गं,” ती म्हणाली होती. “ताप आला असेल. परवापासून खोकत होता फोनवर.” त्या तापाला थोरलीने पुढच्या बोटीने एक नवी कोरी गोधडी शिवून पाठवली होती. तो ताप काही उतरला नाही. वर्षं उलटली आणि तिकडचे सहा महिने आलेच नाहीत.

व्हॅन बोगद्यात शिरली आणि रस्ता खाली उतरू लागला.

“कान दडपले,” आई म्हणाली.

“आवंढा गिळ.”

“ते मला कुणी शिकवायला नको.”

दोन्ही बाजूंना ओबडधोबड खडक, वरून सिमेंटचा फवारा मारलेला. छताखालून जाड केबल आणि पाइप धावत होते. थोरलीला तो बोगदा उलटं करून शिवायला घेतलेल्या कव्हरासारखा दिसला, सगळ्या शिवणी आत. दिव्यांचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी आईच्या तोंडावरून सरकत होता. आई मात्र मान वळवून वळवून बघत होती, लहान मुलीसारखी.

“वर मासे असतील?”

“असतील.”

“त्यांना कळत असेल का, खालून कुणीतरी भांडत चाललंय?”

“कोण भांडतंय? मी एक शब्द तरी बोलले का?”

“तेच म्हणतेय मी.”

उतार संपला आणि नेमकी तेव्हाच थोरलीच्या हाताने साथ सोडली. आधी मुंग्या आल्या, मग बोटं असून नसल्यासारखी झाली. स्टिअरिंग धरलंय की नुसता हात त्याच्यावर ठेवलाय, तेच कळेना. समोर तो खिसा दिसला. तिने डाव्या हाताने व्हॅन आत ओढली, इंजिन बंद केलं आणि हात झटकत बसली. समोर पाटी. पाटीच्या वर, भिंतीला चिकटलेला, एक कॅमेरा.

थोरलीने कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला या क्षणी कोण बसलंय हे तिला ठाऊक होतं. शिफ्ट बदलल्याचं त्यानेच सांगितलं होतं.

ती उतरली. मागचं दार उघडून तिने खुर्ची काढली, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर मांडली. मग आईच्या काखेत हात घातले, दुखऱ्या हाताचा कोपर वापरून तिला उभी केली, चार पावलं चालवली आणि खुर्चीत बसवली. अंगावर शाल टाकली. बॅग पायाशी ठेवली.

“इथे काय बघायचंय?” आई म्हणाली. “समोर तर भिंत आहे.”

“तुला नाही काही बघायचं. त्याला बघू दे.”

थोड्याच वेळात मागच्या बाजूला लाल दिवे लागले, येणाऱ्या गाड्या एकामागे एक थांबू लागल्या. छतातल्या स्पीकरने घसा खाकरला.

“थांब्यातल्या निळ्या व्हॅनच्या चालकाने लक्ष द्यावे. बोगद्यात वाहनातून उतरण्यास मनाई आहे. त्या वयस्कर बाईंना ताबडतोब वाहनात बसवावे.”

आवाज बोगद्याच्या दोन्ही टोकांकडे घुमत गेला.

“हा आपला धाकटा ना?” आई म्हणाली.

“तोच.”

“नाक चोंदलंय त्याचं. सर्दी झालीय.” मग जरा थांबून तिने विचारलं, “वयस्कर बाई कोण?”

“तू.”

आईने शाल नीट केली.

इतका वेळ थोरलीचा राग उकळत होता, आता तो गार झाला, आणि गार झालेला राग जास्त वाईट. भिंतीवरच्या पेटीत आणीबाणीचा फोन होता. तिने तो उचलला.

“ताई, काय चाललंय हे?” फोनवर धाकट्याचा आवाज एकदम घरचा झाला. “रांग लागलीय मागे. तिन्ही बाजू बंद कराव्या लागल्या मला.”

“कर.”

“साहेब विचारतील कारण काय.”

“सांग, एक वयस्कर बाई आहेत.”

“ड्युटीवर तसंच बोलावं लागतं गं. मी गस्तीची गाडी पाठवतो, ते तुम्हाला बाहेर काढतील.”

“गस्तीवाल्यांना मी ओळखत नाही. आईला अर्ध्यावर आणून ठेवलीय. पुढचं अर्धं तुझं. तू ये.”

“मला जागा सोडता येत नाही.”

“मग बघत बस,” थोरली म्हणाली, आणि फोन पेटीत आपटला.

तो आला. गस्तीची पिवळी गाडी चौकाकडून उलटी आली आणि तीतून तो चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून उतरला. त्याला टक्कल पडलं होतं. फोनवर ते कळत नाही.

“अक्कल आहे का तुला, ताई? बोगदा आहे हा.”

“पाटी वाचलीय मी.”

“दंड होईल. पोलिसात देतील.”

“देऊ दे. तिथे तरी कुणी मला उचलून अंथरुणात घालेल.”

“मी म्हटलं होतं ना, बघतो म्हणून.”

“बघतोसच की. बघण्याचाच पगार घेतोस. सगळ्या गावाच्या गाड्या बघतोस, कुणाच्या टायरात हवा कमी आहे ते बघतोस. आईला बघायला काय होतं रे तुला?”

धाकट्याने आईकडे न बघता जाकिटाची चेन वर-खाली केली. “मला नाही बघवत तिला अशी,” तो पुटपुटला.

“बघवत नाही,” थोरली म्हणाली. “आणि मी काय डोळे मिटून उचलते तिला? मला काय गंमत वाटते?”

रांगेतल्या पहिल्या ट्रकची काच खाली आली. “ओ बाई,” ट्रकवाला म्हणाला, “काय द्यायचं-घ्यायचं ते आटपा. माझा बर्फातला माल आहे.” मग त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं. “आईला देताय होय. मग सावकाश घ्या.” आणि त्याने काच वर केली.

“मी काय माल आहे?” आई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण बोगद्याला हळू बोलणं ठाऊक नसतं.

“चौक दाखवते म्हणाली. गोळ्यांसकट. एक फसवून आणते, दुसरा भोंग्यावरून हाकलतो. मला विचारलं कुणी?”

“आई, मी खरंच सांगतो...”

“तू गप्प बस. त्या दिवशी मी फळीवर उभी होते. हीच बॅग होती हातात. फळी हलत होती, मागचे लोक म्हणत होते, आजी, एक तर जा, नाहीतर मागे व्हा. आणि तू समोरच्या बोटीच्या खालच्या खिडकीत होतास. काचेला नाक लावून. मी तुला बघितलं, तू मला बघितलंस. वर काही आला नाहीस.”

थोरलीला ते समजायला जरा वेळ लागला. “तू म्हणालीस, तो बोटीवर नव्हता.”

“म्हणाले.”

“ताप आला असेल म्हणालीस.”

“मग काय सांगायचं होतं तुला? पोहत जाऊन बुडवलं असतंस त्याला.”

“गोधडी पाठवली मी त्याला, आई. तापासाठी.”

“मला ठाऊक आहे. चांगली झाली होती.”

थोरलीला कुठे बघावं कळेना. इतकी वर्षं ती एका तापावर रागावत होती, आणि रागावल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःलाच टोचत होती, की आजारी माणूस, बिचारा, एकदा नाही आला. ताप नव्हताच. आणि ज्या बाईला ती रोज उचलत होती, तिने हे जिभेखाली गोळीसारखं धरून ठेवलं होतं.

“का नाही आलास वर?” तिने धाकट्याला विचारलं.

“हिला सांगितलं नव्हतं.”

“कुणाला?”

“बायकोला. नवीन लग्न होतं. आई येणार हे सांगायचंच होतं, पण रोज उद्या सांगू, उद्या सांगू असं झालं. आणि बोटीचा दिवस उजाडला. म्हटलं, आता घेऊन गेलो तर ती दारात काय म्हणेल.”

“आणि नंतर?”

“नंतर कुठल्या तोंडाने बोलावणार? आई मला बघून गेलेली.”

“आता सांगितलंयस तिला? माझ्या ऑपरेशनचं?”

धाकट्याने परत चेन धरली.

“लाव फोन,” आई म्हणाली. “आणि मोठा आवाज ठेव. मलाही ऐकू दे.”

वर समुद्र, मागे रांग, ट्रकवाल्याची काच परत इंचभर खाली आलेली. धाकट्याने फोन लावला.

“अहो, ड्युटीवरून कसा काय फोन? बरं आहे ना?”

“आईला आणतोय घरी. महिना-दीड महिना. ताईच्या हाताचं ऑपरेशन आहे.”

“कुणाची आई?”

“माझी.”

“मग आणा की. त्यात विचारायचं काय? आधी बोलला असतात तर खालची खोली मोकळी केली असती, तिथे तुमच्या सायकली भरून ठेवल्यात. पण वन्संनी पाठवलं कसं त्यांना? तुम्हीच सांगायचात, वन्सं आईला सोडतच नाहीत म्हणून.”

धाकट्याने घाईघाईने फोन बंद केला.

थोरली त्याच्या अगदी जवळ गेली. तिला सांगायचा की बायकोला चालणार नाही. बायकोला सांगायचा की ताई सोडत नाही. आणि दोघींच्या मध्ये हा आपला आरामात, काचेला नाक लावून. तिचा हात वर गेला. नेमका उजवा, नेमका तोच, ज्याची बोटं वळत नव्हती. धाकट्याने गाल मागे घेतला नाही. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला. ज्या हाताने मारायचं त्यालाच मुंग्या आलेल्या, असं तिचं नशीब.

“इतकी वर्षं मी त्या पोरीला शिव्या घातल्या,” ती म्हणाली. “रोज. कव्हर शिवताना. प्रत्येक टाक्याला.”

“चुकलं माझं,” धाकटा म्हणाला.

“नुसतं चुकलं म्हणून पळू नकोस.”

“आता तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलू?” आई म्हणाली. “मी जाते याच्याकडे. तुम्ही ठरवलंत म्हणून नाही. तुझा हात बरा व्हायला हवा. आणि याने मला रोज सकाळी उचलायला हवं. म्हणजे बघवेल. सवयीने सगळं बघवतं.” मग तिने धाकट्याकडे हात पुढे केले. “चल. ते डोळे पुसत बसशील नंतर.”

धाकटा पुढे झाला आणि त्याने आईची मनगटं धरली.

“तिथे नाही,” थोरली म्हणाली. “निळं पडतं तिथे. काखेतून घे. गुडघा तिच्या गुडघ्याला लाव. वाक. अजून वाक, तुझी कंबर काही मोडत नाही.”

त्याने आईला उचललं आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने जोर लावला होता तो कुठल्या तरी जुन्या, जाडजूड, त्याला कडेवर घेणाऱ्या आईसाठी, आणि हाताला लागली ती ही. तो तसाच उभा राहिला. आईने त्याच्या जाकिटाच्या चमकत्या पट्टीवर हनुवटी टेकवली.

“नाक पूस,” ती म्हणाली. “माझ्या शालीला लावू नकोस.”

त्याच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून त्याच्या जोडीदाराचा आवाज खरखरला. “साहेब विचारतायत, बंद कशासाठी ठेवलंय. नोंदीत बिघाड टाकू का?”

धाकट्याचे दोन्ही हात आईत अडकलेले. थोरलीने पुढे होऊन त्या डब्याचं बटण दाबून धरलं.

“बिघाड नको टाकू,” धाकटा म्हणाला. “माझी आई आहे. घरी नेतोय.”

“बरं,” जोडीदार म्हणाला. “तसं टाकतो.”

आई पिवळ्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसली. बॅग मागे गेली. गोळ्या कुठली कधी, ते थोरलीने एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणार नव्हती. ती आपल्या व्हॅनमध्ये येऊन बसली. खिशात थांबलेल्या गाडीने गस्तीच्या गाडीमागूनच बाहेर पडायचं असा बोगद्याचा नियम, त्यामुळे तिलाही आता चौकातून, पलीकडच्या बेटापर्यंत, या दोघांच्या मागे मागे जाणं भाग होतं. दारात खुर्ची मांडून मागे न बघता परत यायचा तिचा बेत पार पाण्यात गेला होता.

पिवळी गाडी हलली आणि छतातला स्पीकर परत खाकरला. यावेळी जोडीदार होता. “अरे, खुर्ची राहिली.”

गाडी थांबली. धाकटा उतरून मागे आला. त्याने खुर्चीची पाठ दाबली. मग सीट वर ओढली. मग ती आडवी करून तिच्यावर गुडघा ठेवला. खुर्ची चारही पाय पसरून तशीच. त्याचं बोट चिमटलं, त्याने ते तोंडात घातलं आणि व्हॅनकडे बघितलं.

थोरलीने काच खाली केली नाही. तिने उजवा हात वर करून दाखवला. बोटं अर्धवट वाकलेली, तशीच.

“मागचा पाय,” आईने गाडीतून मान बाहेर काढून सांगितलं. “डावा. आतल्या बाजूने लाथ घाल.”

त्याने घातली. खुर्ची हलली नाही.

“लाथ घाल म्हटलं, गोंजारू नकोस. तुझी ताई घालते तशी.”

धाकट्याने एकदा व्हॅनकडे बघितलं आणि लाथ घातली. खुर्ची खटकन मिटली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तो घाईचा नव्हता.

दिवे हिरवे झाले. पिवळ्या गाडीमागून थोरलीने डाव्या हाताने व्हॅन बाहेर काढली. समोर चौक आला: मधोमध खडकाचा जाडजूड खांब, त्याच्यावर निळा-हिरवा उजेड, आणि भोवती गोल रस्ता. पिवळ्या गाडीने पलीकडच्या बेटाचा फाटा घ्यायला हवा होता. ती तो सोडून पुढे गेली. पूर्ण फेरी मारून परत तिथे आली आणि फाटा सोडून परत पुढे गेली. आईला चौक बघायचा होता. काचेतून तिचं बोट वर कशाकडे तरी दाखवत होतं आणि धाकटा मान वाकवून ते बघत होता.

थोरली त्यांच्या मागे गोल गोल फिरत राहिली. राग अजिबात गेला नव्हता. धाकट्यावरचा होता तिथेच होता, आईवरचा नवीन होता आणि अजून बसायला जागा शोधत होता. आणि आता घरी पोचल्यावर ती पोर दारात येऊन म्हणेल, या वन्सं, चहा टाकते. चादरी बदललेल्या असतील, सायकली बाहेर काढलेल्या असतील. इतक्या वर्षांच्या शिव्या मनात घेऊन तिच्यासमोर बसायचं आणि तो चहा प्यायचा, तोही डाव्या हाताने. या विचाराने थोरलीला पुन्हा पहिल्यापासून संताप येऊ लागला.